वाघबारशीचं मोरपीस

धोंडीबाई कोंबडी घेऊन आली तेव्हा नवसू अंगणात बसून दाढी करत होता. पाय बांधलेली कोंबडी तिने त्याच्यासमोर ठेवली आणि स्वतः ओट्याच्या कडेला टेकली. नवसूच्या बायकोने, पारूने, पाणी दिलं. पाऊस कसा गेला, नागलीला कणसं कशी धरली, हे सगळं बोलून झालं तरी बाई मुद्द्यावर येईना. शेवटी नवसूनेच आरसा खाली ठेवला. काळ्याचं नाव घ्यावं म्हणून आली असलीस तर कोंबडी परत ने, असं त्याने सांगितलं. या कामात आपण कोणाचं काही घेत नाही, हे साऱ्या मोखाड्याला ठाऊक आहे.

"घे म्हणून नाय आणली," धोंडीबाई म्हणाली. "नको घेऊ म्हणून आणली."

पारू आत जाता जाता उंबऱ्यात थांबली.

काळ्या हा धोंडीबाईचा मुलगा. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते, पण त्याचा तारपा ऐकायला शेजारच्या पाड्यांवरून माणसं येत. नवसू ऐकायला बसला की जरा बेसूर वाजव, असं ती त्याला गौरीच्या सणापासून सांगत होती. तो ऐकत नव्हता. बेसूर फुंकायला तोंडच वळत नाही, म्हणाला. धोंडीबाईने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, पण त्यात थोडा तोराही होता. तो आपल्याच आवाजात ऐकू येताच ती घाबरली. मग खाली बघत म्हणाली, "कोणाचं तरी घेणारच ना तू? मग दुसऱ्याचं घे. ज्याची आई मेलीय अशाचं घे."

ती गेली, कोंबडी राहिली. पारूने दोरी सोडली, तरी कोंबडी अंगण सोडून जाईना, आणि तिला कापायचा धीर घरात कोणाला होईना.

नवसू मोखाड्याला महालकऱ्यांच्या कचेरीत शिपाई होता. संस्थान होतं तेव्हा तो जव्हारला दरबारच्या चाकरीत होता. दसऱ्याला डोंगरातले तारपेवाले तिथे जमत. वाळवलेला भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा, एवढंच ते वाद्य. पण एकदा तोंडाला लावलं की श्वास तुटू द्यायचा नसतो. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून वाजवणाऱ्याभोवती फिरतात आणि तारपा थांबल्याशिवाय साखळी सोडत नाहीत. ज्याचं वाजवणं मनात भरेल त्याच्या तारप्याला दरबारातून मोरपीस बांधलं जाई. पीस आणि लाल दोरा ताटात घेऊन उभं राहायचं, हे नवसूचं काम.

पिसाबरोबर एक अट असे. पीस बांधलेल्याला हळदीचे तांदूळ पाठवून बोलावलं, तर पुढची मळणी आटोपून खळी उठेपर्यंत त्याने नाही म्हणायचं नाही. तांदूळ पाठवायचा हक्क एका दरबाराचा. त्यामुळे त्याला फार तर एकदोनदा जव्हारला जावं लागे. तिथे तो पोटभर जेवे, नवं धोतर नेसे आणि हसत घरी येई. अट कोणाला जाचली नव्हती.

मग संस्थान विलीन झालं. जव्हार ठाणे जिल्ह्यात गेलं. त्या दसऱ्याला तारपेवाले सवयीने आले, वाजवून उभे राहिले आणि पीस बांधायला कोणी नाही म्हणून तसेच परतले. त्या साली भातावर करपा पडला. पुढच्या वर्षी वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाला शेंदूर लावून माणसं मोखाड्याच्या बाजाराला उतरली, तेव्हा म्हाताऱ्यांनी नवसूला गाठलं. एवढी वर्षं ताट धरून ऐकत उभा होतास, आता तूच सांग, म्हणाले.

नवसू जणू याचीच वाट बघत होता. त्याला ऐकण्याचं वेड होतं. रजा मिळाली की तो पाड्यापाड्यांवर जायचा, जव्हारला एका शिंप्याकडे फोनो होता तिथे मशीनच्या खडखडाटात तबकडी ऐकत बसायचा, आणि बोहाड्याची सोंगं निघाली की सोंगांकडे पाठ करून संबळवाल्याचे हात बघायचा. स्वतः कधी नाचायचा मात्र नाही. पाय हलले की कान खोटं बोलतो, असं त्याचं म्हणणं. साखळीच्या बाहेर, खळ्याच्या कडेला, मांडी घालून तो बसे, आणि सगळे म्हणत, दगड बसलाय.

वाघबारशीला लक्ष्याच्या चहाच्या दुकानापुढे बाकावर उभा राहून तो वर्षाचा हिशेब सांगायचा. आधी तबकड्या: यंदा कोणती चांगली आली, कोणती नुसती गाजली. मग लग्नांतली सनई, मग बोहाड्याचा संबळ. माणसं जांभया देत ऐकून घ्यायची. लक्ष्या मधेच विचारायचा, "नवसूदादा, ती तबकडीतली बाई आपल्या खळ्यावर नाचाया येल काय?" हशा पिकायचा. आणि मग शेवटी तारपा यायचा, आणि बाजार गप्प व्हायचा. नाव घेतल्यावर नवसू आपल्या फेट्यात खोवलेलं पीस काढून स्वतःच्या हाताने भोपळ्याला बांधायचा.

अट तीच राहिली. बदलावी हे तेव्हा कोणाला सुचलंच नाही. तांदूळ पाठवायला दरबार उरला नव्हता, म्हणून ते कोणीही पाठवू लागलं. आधी एक घर बोलवायचं, आता प्रत्येक खळं बोलवू लागलं.

पहिल्या वर्षी नवसूने जिवाचं नाव घेतलं. मळणी सुरू झाली आणि जिवा घरी म्हणून टिकला नाही. एका पाड्यावर वाजवून होतंय तोवर दुसऱ्या पाड्याची माणसं तांदूळ घेऊन कुडाबाहेर उभी असायची. वांगणीहून येताना तो ओहोळाच्या कडेला दगडावर टेकला. गुरं घेऊन आलेल्यांना तो डोहात सापडला. झोपेत घसरला असणार. तारपा दगडावर नीट ठेवलेला होता, पीस सुकं.

दुसऱ्या वर्षी भिका. त्याला हिवताप चढला होता, पण सूर्यमाळचे तांदूळ आले होते. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो गेला. वाजवता वाजवता तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. चाल बदलायला थांबलाय असं वाटून साखळी त्याच्याभोवती तशीच फिरत राहिली. किती वेळ, ते नंतर कोणीच नीट सांगू शकलं नाही. पायांचा आवाज तेवढा होत होता.

त्यानंतर नवसूच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण तो खळ्यावर आला की त्याला बसायला हवी त्यापेक्षा जास्त जागा मोकळी व्हायची. एकाने त्याला बघताच तारपा खाली ठेवला आणि भोपळ्याला चीर गेली म्हणून सांगितलं. भोपळा धड होता. दुसरा मुद्दाम अडखळत वाजवायचा. नवसूला भीतीपेक्षा याचाच राग जास्त यायचा. खरं वाजवणं ऐकायचं तर त्याला करवंदीच्या जाळीमागे लपून बसावं लागे.

यंदा त्याने म्हाताऱ्यांना विचारून पाहिलं होतं. पीस नकोच बांधूया. तर ते म्हणाले, बांधलं नाही त्या साली करपा पडला, आठवतं ना? मग निदान अट तरी सोडा, नाही म्हणायची मुभा द्या. त्यावर बराच खल झाला आणि निघालं ते असं, की अट दरबाराने घातली, तेव्हा ती दरबारानेच काढायची. आणि दरबार तर आता राहिला नव्हता.

कचेरीत पहिल्या निवडणुकीची धांदल होती. मतपेट्या येऊन पडल्या होत्या, याद्यांच्या नकला चालल्या होत्या. पेट्या उचलता उचलता नवसूने ही अडचण कारकुनाच्या कानावर घातली. कारकून हसला. तारप्याचंही मतदान घ्या, म्हणाला. मग माणूस मेला तर एकट्या तुझ्या माथ्यावर नको, साऱ्या मोखाडे महालाच्या माथ्यावर. दुपारी त्याने हे साहेबांनाही सांगितलं आणि दोघे हसले. नवसूने पेट्या भिंतीशी रचून ठेवल्या.

खरी अडचण त्याने कारकुनाला सांगितलीच नव्हती. यंदा सगळ्यांत चांगलं कोणी वाजवलं, हे त्याला भादव्यातच कळून चुकलं होतं.

लाडक्या सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर राहायचा. दोघांनी लहानपणी गुरं एकत्र वळली होती आणि तारपा शिकायलाही एकदमच घेतला होता. नवसूचा श्वास पुरला नाही, लाडक्याचा पुरला. हुकमावर वाजवायला जमत नाही म्हणून लाडक्या दसऱ्याला कधी जव्हारला गेला नाही, त्यामुळे दरबाराचं पीस त्याला मिळालं नाही. नवसूच्या हाती पीस आलं त्या पहिल्या वर्षी, मित्राला बांधलं तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याने जिवाला बांधलं. दुसऱ्या वर्षी भिकाने खरोखरच चांगलं वाजवलं होतं.

भादव्यात नव्या भाताचा नैवेद्य झाला आणि दिवस कलता कलता लाडक्याने तारपा तोंडाला लावला. इतर वादक नाचणारे दमले की चाल बदलून त्यांना हुशारी आणतात. लाडक्याने चाल बदललीच नाही. तीच धरून तो ती बारीक करत गेला, इतकी की पायांचा आवाज तारप्याच्या वर ऐकू येऊ लागला, आणि मग असं वाटू लागलं की पायच वाजतायत आणि तो नुसता ऐकतोय. नवसू कधी उठून उभा राहिला ते त्याचं त्याला कळलं नाही. मांडवाचा खांब त्याने दोन्ही हातांनी धरला होता.

वाजवून झाल्यावर लाडक्या घरामागे गेला. नवसू मागोमाग गेला. लाडक्या सागाच्या पानाने तारप्याचं तोंड पुसत होता. पान लाल झालं होतं. लाडक्या विडा खात नव्हता. त्याने पान चुरगाळून मातीत दाबलं आणि तो आत गेला. मग त्याची बायको सुकरी दाराशी आली आणि तिने सांगितलं की मृगापासून असं होतंय.

नवसूने रजा टाकून त्याला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती ऐकली, पाठ ठोकून पाहिली आणि सांगितलं की फुंकणं बंद. तारपाच काय, चूलसुद्धा फुंकायची नाही. मग त्यांनी नवसूला व्हरांड्यात घेतलं. जपला तर काही पावसाळे काढील, म्हणाले. फुंकत राहिला तर खळी उठायच्या आत संपेल.

परतताना चढ लागला तसं लाडक्याला चालवेना. दोघं मोहाच्या झाडाखाली बसले. लाडक्याने बराच वेळ दम खाल्ला आणि विचारलं की या साली कोणाचं नाव घेणार. वाघबारस लांब आहे, नवसू म्हणाला.

"माझ्याशी खोटं नको बोलू. खांब धरून उभा होतास तू. सोडला असतास तर नाचला असतास."

नवसूने दवाखान्याकडे हात केला. डॉक्टरने काय सांगितलं ते ऐकलंस ना, म्हणाला.

"मला सांगितलं ते आयकलं. बाहेर नेऊन तुला सांगितलं ते तुझ्या तोंडावर दिसलं." लाडक्या हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाला, "एकदा माझं नाव गिळलंस, आता पुन्हा गिळतोयस. पहिल्यांदा लाज वाटली म्हणून. आता भीती वाटते म्हणून. मी चांगला वाजवतो का नाय, एवढंच सांगायचंय तुला. बाकीचं माझं मी बघीन."

 नवसूला लाडक्याचे ते पावसाळे हवे होते. दोनच मिळाले तरी हवे होते.

काळ्याचं नाव घ्यायचं हा विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. काळ्या तरणा होता, छाती भरलेली, एखादेवेळी त्याने निभावूनही नेलं असतं. पण त्याला चांगलं म्हणून निवडलं आणि तो मेला, तर ते वेगळं. दुसरा वाचावा म्हणून निवडला आणि मेला, तर ते वेगळं. धोंडीबाईची कोंबडी अजून अंगणात फिरत होती. कचेरीत जाताना-येताना ती त्याच्या पायांत येई.

मग त्याला तबकडी सुचली.

त्या वर्षी शिंप्याकडे एक तबकडी आली होती. कोणी बाई होती, गाणंही साधंच, पण दुसऱ्या ओळीवर ती असा काही सूर लावायची की नवसू बसल्या जागी डोळे मिटायचा. तिला पहिला मान दिला तर खोटं बोलल्यासारखं होणार नव्हतं, निदान फार खोटं नाही. आणि तबकडीला कोणी तांदूळ देऊ शकत नाही. तिला वांगणीला चालत जावं लागत नाही. तिला ताप येत नाही. एवढं सोपं आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी तो फोनो उसना आणायला जव्हारला गेला. शिंप्याने पेटी फडक्यात बांधून दिली, किल्ली कशी द्यायची ते दाखवलं आणि तबकडी हातात ठेवताना सहज म्हणाला, "बिचारी. मागल्या साली गेली ती. छातीचं दुखणं होतं म्हणतात."

नवसू मालाच्या लॉरीत मागे, पोत्यांवर बसून आला. पेटी मांडीवर होती. मेलेली आहे तेच बरं, तो स्वतःला सांगत राहिला. आता तिला पुन्हा काही होणार नाही. पण घाट उतरताना वारा पोत्यांमधून शिरला तेव्हा त्याने फडकं उगीचच आणखी घट्ट आवळलं.

दुसऱ्या दिवशी बाजार नेहमीपेक्षा मोठा भरला. उन्हं डोक्यावरून कलली तशी माणसं लक्ष्याच्या दुकानापुढे जमू लागली. वांगणीची होती, सूर्यमाळची होती, आसपासच्या पाड्यांची होती. तारपेवाले आले होते, पण पुढे नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मागे उभा होता. धोंडीबाईने काळ्याचा दंड धरून ठेवला होता. लाडक्या सगळ्यांच्या मागे, चिंचेच्या मुळीवर बसला होता. घोंगडीत गुंडाळलेला तारपा मांडीवर. शेजारी सुकरी उभी होती आणि ती फक्त नवसूकडे बघत होती.

फोनो बघून हशा झाला. बाई आणली रे दादाने, लक्ष्या ओरडला, आता वहिनी जेवायला घालत नाय. नवसूने किल्ली दिली, सुई टेकवली. आवाज आला, लहान आणि लांबचा. माणसं पुढे सरकली. दुसरी ओळ आली, तो सूर आला. गाणं संपल्यावर नवसू बाकावर चढला. त्याने सनई सांगितली नाही, संबळ सांगितला नाही. या वर्षी सगळ्यांत चांगलं आपण जे ऐकलं ते हे, आणि पहिला मान हिचाच, एवढं बोलून त्याने फेट्यातलं पीस काढलं आणि फोनोच्या पेटीला बांधायला वाकला.

कोणी हसलं नाही.

धोंडीबाईने काळ्याचा दंड सोडला. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं की मग खळ्यावर काय वाजवायचं. दुसरा म्हणाला, पेटी घेऊन जाऊ. बाईला भात भरवू. कोणीतरी करप्याचं नाव काढलं. गर्दीच्या मधून एक कुजबुज फिरून आली आणि नवसूला ती स्पष्ट ऐकू आली: भ्यायला.

तेवढ्यात मागची माणसं बाजूला झाली. लाडक्या चालत पुढे आला. त्याने घोंगडी लक्ष्याच्या बाकावर ठेवली. रागावलेला दिसत नव्हता. तबकडीकडे त्याने जरा वाकून बघितलं, बोटाने तिची कड चाचपली आणि म्हणाला, "चांगली गाते. झालं तिचं? आता माझं आयक."

नवसूने त्याचा हात धरला. लाडक्याने तो हळूच सोडवला आणि तारपा तोंडाला लावला.

सुरुवातीला कोणी हललं नाही. भादव्यातलीच चाल होती. एक म्हातारी पुढे आली, तिने शेजारणीच्या कमरेत हात घातला. मग आणखी दोघी आल्या. साखळी धरली, वळली. बाजारातल्या पाट्या, टोपल्या लोकांनी पायांनी बाजूला सारल्या. लाडक्याने चाल बारीक करायला घेतली. नवसू बाकाजवळ उभा होता आणि आतल्या आत मोजमाप करत होता, भादव्यात असं होतं, आता इथे खोकला येईल, आता श्वास तुटेल. तुटला नाही. चाल आणखी बारीक झाली. भादव्यात जिथे ती थांबली होती तिथे ती थांबली नाही, पुढे गेली, आणि पुढे काय आहे ते नवसूने कधी ऐकलं नव्हतं. मोखाड्याच्या बाजारात जमलेल्या सगळ्या माणसांचे पाय एकच पाय झाले होते. फोनोच्या पेटीवर ठेवलेलं पीस त्या आवाजाने थरथरत होतं.

नवसूने आधाराला काही शोधलं. इथे खांब नव्हता.

तारपा थांबला तेव्हा ऐकू आला तो माणसांचा श्वास. आणि मग नवसूच्या अगदी कानाशी धोंडीबाई बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"नवसू नाचला."

त्याने खाली बघितलं. त्याचा एक हात धोंडीबाईच्या कमरेत होता, दुसरा कोणा अनोळखी माणसाच्या. बाक साखळीच्या पलीकडे राहिला होता. पावलं धुळीने माखली होती.

दगड हलला, कोणीतरी म्हणालं. मग तीच गोष्ट मागे मागे सांगितली गेली. कोणी आरडाओरडा केला नाही. लोक सुटल्यासारखे दिसत होते. काळ्या हसत होता. धोंडीबाईने नवसूच्या कमरेतला हात काढला, ती बाकापाशी गेली, तिने पेटीवरचं पीस आणि लाल दोरा उचलला आणि दोन्ही त्याच्या तळहातावर ठेवलं. तिने वर बघितलं नाही.

लाडक्या तारपा पुढे धरून उभा होता. तोंडाच्या कोपऱ्यात लाल होतं. ते त्याने जिभेने आत घेतलं.

"बांध," तो म्हणाला. "आता तरी खरं बोल."

सुकरी चिंचेखालून हलली नव्हती. तिने मान नाही म्हणून हलवली, एकदाच. नवसूने ती बघितली. पीस खाली टाकता आलं असतं, पाय आपले नव्हते असं म्हणता आलं असतं. पण इतकं चांगलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि हे त्या बाजारात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने भोपळ्याला दोरा गुंडाळला. गाठ मारताना त्याची बोटं ओली झाली. भोपळा आतून वाहत होता आणि मेणाच्या सांध्यातून ते बाहेर येत होतं.

गाठ बसताच वांगणीचा माणूस पुढे झाला. त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत हळदीचे तांदूळ होते. त्याच्यामागे सूर्यमाळचा माणूस उभा होता, तोही सोगा सोडत होता. बायका लुगड्याच्या पदराची टोकं दातांनी सोडत होत्या. तांदूळ सगळ्यांनीच घरून बांधून आणले होते. कोणाला द्यायचे एवढंच ठरायचं राहिलं होतं. धोंडीबाईच्या पदरातही पुरचुंडी होती.

लाडक्याने ओंजळ पुढे केली. ओंजळ लगेच भरली आणि दाणे बोटांतून खाली पडू लागले. सांडलेले तांदूळ म्हणजे मोडलेलं आवतण. कोणी मागे वळेना, रांग पुढे सरकतच राहिली. लाडक्याने नवसूकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत भीती दिसली.

"धर ना," तो म्हणाला.

नवसूने डोक्यावरचा फेटा काढला, सोडला आणि दोन्ही हातांनी पसरून त्याच्यापुढे धरला.